कशाभिका शिकवणाऱ्या विमलबाई

विमलबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुळजापुरात कॉलेजच्या मुलींचं प्रॅक्टिकल घेत होते. "बाई गेल्या गं... सकाळी, चहा पिता पिता," त्यांची सून एवढंच बोलली. 

तुळजापूरच्याच जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या आमच्या गावात बाई विज्ञान शिकवायच्या. माझे वडील पोतराज. कमरेला रंगीत चिंध्यांचा घागरा, पायात चाळ, उघड्या अंगावर आसूड ओढत दारोदार फिरायचे. वर्गात मला कुणी नावानं हाक मारत नसे, "सट्याक!" म्हणायचे, की हशा. नववीत एकदा बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला, कशाभिका. "कशा म्हणजे चाबूक," त्या म्हणाल्या, आणि सगळा वर्ग वळून माझ्याकडं बघायला लागला. मी दप्तर उचलून घर गाठलं. उद्यापासून शाळा बंद, आईला सांगून टाकलं.

संध्याकाळी बाई आमच्या दारात. वडिलांना म्हणाल्या, "दादा, उद्या पोरीला तुम्हीच घेऊन या. येताना तळ्याचं हिरवं पाणी आणा बाटलीत."

वडील आले, घागऱ्यातच, अंग चोरून. बाईंनी थेंब काचेवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाचा आरसा फिरवून उजेड कमी केला आणि आधी त्यांनाच बघायला लावलं. ते बराच वेळ डोळा लावून राहिले.

"हिरवा हाय... पळतोय. म्होरं केसागत काय हालतंय, बाई?"

"तोच त्याचा आसूड. कशाभिका म्हणतात ती हीच."

"सोताला मारंना की ह्यो!"

"नाही. त्याच्यावरच पोहतो तो."

वडील बाजूला झाले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मग मी वाकले. उजेडाच्या गोल तुकड्यात तो हिरवा जीव, आणि त्याच्यापुढं भिरभिरणारा धागा... आधी दिसेना, मग दिसला. एका थेंबात एवढी धावपळ!  बाई वर्गाला रागे भरल्या नाहीत. रांग लावून एकेकाला ते दाखवलं.

चिडवणं थांबायला वेळ लागला, पण शाळा मी सोडली नाही. वडिलांनीही आसूड लगेच टाकला नाही, पोट त्याच्यावर होतं. मात्र दारोदार सांगत सुटले, "माझी लेक आसूडवाल्या जिवांचं शिकती!"

महिन्यानं बाईंच्या घरी गेले. खिडकीत काचेचा पेला, वर बशी, आत हिरवंगार पाणी, आणि शेजारी बाईंचा जुना सूक्ष्मदर्शक.

"टाकायला हात धजेना," सून म्हणाली. "रोज बघायच्या त्या."

मी त्यातला थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पळत होते... कितीतरी. मी सरकून जागा केली नि सुनेला म्हटलं, "ये, बघ."