अण्णानं आणलेल्या थुंकीच्या नळ्या
माझा थोरला भाऊ, अण्णा, अमेरिकेतून सुट्टीवर राजेश्वरला, आमच्या गावी आला, तेव्हा त्यानं प्लास्टिकच्या दोन नळ्या आणल्या होत्या. एक माझ्यासाठी, एक मामाच्या धाकट्या मुलासाठी. आमचं लग्न ठरलं होतं. मामाच्या थोरल्या मुलाला माझी अक्का दिलेली, आणि तिचं बाळ पांढरंफटक पडत पडत गेलं होतं. त्याला रक्त चढवायला बिदरला नेताना बसमध्ये मी अक्काशेजारी असायची. थॅलसेमिया, रक्ताचा आजार, डॉक्टर म्हणाले होते. आईबाप दोघांकडून आलेला. एकातच दोष असता तर बाळाला तो आजार झाला नसता.

"यात थुंक," अण्णा म्हणाला. "तिकडं असल्या तपासण्या घरबसल्या मिळतात. कुणी आपले पूर्वज कुठले ते बघतंय, कुणी पुढं कोणता आजार व्हईल ते. आपल्याला एवढंच बघायचंय, तुमच्या दोघांत तो दोष हाय का."

"थुंकीत काय दिसायलंय?" आई म्हणाली. भावाचं घर तुटेल, ही तिची धास्ती.

निर्ण्याहून, मामाच्या गावाहून आलेला मामेभाऊ नळी धरून नुसता बसला. "माझ्यात निघालं तर?" त्यानं मला हळूच विचारलं. माझ्या तोंडाला कोरड पडली होती. नळी भरता भरेना.

अण्णा नळ्या घेऊन परत गेला. घरात साड्यांच्या गोष्टी चालायच्या आणि फोन वाजला की मीच आधी धावायची.

अखेर अण्णाचा फोन आला. मामेभावात दोष होता, माझ्यात सापडला नव्हता. आईनं देवापुढं साखर ठेवली. पण अण्णाचा आवाज मोकळा नव्हता. "ही तपासणी ठरावीक दोषच बघती. सापडला न्हाई म्हणजे नसलंच, असं न्हाई. हैदराबादला जाऊन रक्त तपासा."

गेलो. माझ्यातही निघाला.

दवाखान्याच्या पायरीवर मामेभाऊ माझ्याशेजारी बसला. मग म्हणाला, "वहिनीचं लेकरू मी खांद्यावर खेळवलंय. ते परत बघवायचं न्हाई मला." लग्न मोडल्याचं त्यानंच मामाला सांगितलं. मामानं पुढं कितीतरी दिवस आईशी बोलणं टाकलं.

अक्काला सांगताना मी घाबरले होते. ती तूर निवडत ऐकत राहिली. "आमच्या टायमाला कुणी बघितलं न्हाई," एवढंच म्हणाली.

नंतर मला बघायला येणाऱ्यांना तीच आधी विचारायची, "पोराचं रक्त तपासाल का?" काहीजण चहा न घेता उठले. उदगीरचं एक घर थांबलं. त्यांनी मुलाचं रक्त तपासून घेतलं. त्या मुलात दोष नव्हता. लग्न तिथंच झालं.