फ्रिजवरची चिठ्ठी

लेकीकडे अमेरिकेत आल्यापासून मी इथल्या पोरांच्या बोलीतला एकेक शब्द चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावते आणि पोळ्या लाटताना पाढ्यासारखा घोकते. काल नातीच्या मैत्रिणींनी केलेला केक खाऊन मी ठणकावून म्हणाले, "लिट!" म्हणजे झकास. पोरी हसून लोळल्या. आज पाहते तर चिठ्ठी केराच्या डब्यात.

"आजी, तो शब्द जुना झाला गं," नात म्हणाली. "आणि तू तर मुळीच म्हणू नकोस."

का म्हणून? शब्द काय कुणाच्या सातबाऱ्यावर असतात? उशिरा शिकणाऱ्याच्या हाती ते असेच येतात, दुसऱ्यांचे वापरून झालेले. थोरल्या बहिणीचे फ्रॉक घालून मी वाढले, त्याची मला कधी लाज वाटली नाही.

तेवढ्यात तिच्या हातून फोन पडला.

"अगंबाई!" ती ओरडली.

तेरा वर्षांची पोर! पुण्यात तिच्या वयाची एक तरी मुलगी असं म्हणत असेल का? माझ्याच तोंडून उचललेला शब्द, आणि काय शोभतो तिला!

मी चिठ्ठी केरातून काढली, पदराने पुसली आणि पुन्हा फ्रिजवर लावली. या वेळी दोन चुंबकांखाली.