टोपणभर तेल

रस्त्यात कुणाची स्कूटर फटफटत उभी दिसली, की सुभेदार जवळ जाऊन मान तिरकी करायचे, आवाज ऐकायचे आणि मालकानं विचारलेलं नसताना सांगायचे, "लय पितीय."

लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त होऊन उंब्रजला आल्यावर त्यांनी लाकडी विमानं बांधायचं काढलं. वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढे पंख, पुढं मुठीएवढं टू-स्ट्रोक इंजिन. ते वर चढताना अडखळायचं, बंद पडायचं आणि विमान पोत्यातून घरी यायचं. माझं हायवेला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. एक दिवस इंजिन माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, कार्ब्युरेटर म्हंजे लग्नातला वाढपी. पानात न बघता वाढत सुटतो. मला बघून वाढणारा पायजे."

म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन. ते परदेशी मोटारींत असतं, असं मी सांगेपर्यंत त्यांनी खिशातून गुरांच्या डॉक्टरकडची सुई काढली. तिचं नोझल झालेलं होतं. मग मी सर्किट केलं. दांड्यावरचं चुंबक फिरलं, की विजेची झडप निमिषभर उघडणार आणि थेंब आत जाणार. पहिलं सर्किट बॅटरीसकट इतकं जड झालं, की विमानानं नुसतं रान नांगरलं. दुसरं हलकं केलं.

खरी अडचण त्यांच्या पत्नी हौसाक्कांची होती. विमानाची खोली त्यांना शेवयांच्या यंत्रासाठी हवी होती. शिवाय इंधनात एरंडेल असायचं. "घरभर एरंडेल," त्या म्हणायच्या, "आन् गुण कुनालाच न्हाई." दिवाळीनंतर त्यांनी निकालच दिला. "एकदा उडवून धड परत आना, खोली तुमची. न्हाईतर माझी." सुभेदारांना दुसरी जागा नव्हती. तरी त्यांनी मान्य केलं.

तारळी नदीकाठी ऊस तुटलेल्या रानात आम्ही तिघं गेलो. विमानाला रिमोट नव्हता. शेपटी किंचित वाकवलेली, म्हणून ते डोक्यावर गोल फिरणार आणि तेल संपलं की तरंगत उतरणार. तेल सुभेदार औषधाच्या बाटलीच्या टोपणानं मोजायचे. त्या दिवशीही टोपणभर घातलं.

विमान चढलं. एकदाही अडखळलं नाही. हौसाक्का पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या. फेरे होत राहिले, वारा त्याला डोंगराकडं सरकवू लागला, आणि ते काही उतरेना.

"सुभेदार, तेल किती घातलं?"

"रोजचंच."

रोजचं माप त्या वाढप्याच्या, जुन्या कार्ब्युरेटरच्या हिशेबाचं होतं. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. तोवर ठिपका डोंगरापलीकडं गेला. सुभेदारांनी टोपी काढली. "बघितलंसा, ताई? किती कमी पितंय."

"उडलं खरं," हौसाक्का म्हणाल्या. "परत कुटं आलंय?"

सुभेदार विचारत विचारत औंधापर्यंत जाऊन आले. मग खोली स्वतः झाडून दिली, यंत्राचं तेलपाणीही केलं. विमानाचं कुणी विचारलं, तर म्हणायचे, "यील की. तेल हाय अजून त्यात."

सुभेदार वारले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी शेवया करून घ्यायला गेले. खोलीभर पिठाचे डबे, पराती, चाळण्या. टेकायला जागा नाही. भिंतीवर विमान टांगायच्या दोन खुंट्या तेवढ्या रिकाम्या होत्या. मी एकीला पिशवी अडकवली.

हौसाक्कांनी ती काढून माझ्या हातात दिली. "तितं नगं, ताई. त्ये आलं तर ठिवायचं कुटं?"