रुख्माबाईचा मधाचा लेप

सेलूत पोरीला पाहायला पाहुणे येणार असले, की आई तिला आदल्या संध्याकाळी रुख्माबाईकडे धाडी. कच्चा मध, साय आणि चिमूटभर बेसन. त्या लेपानं रापलेला चेहराही उजळतो, असं गाव म्हणे. खोकल्याला, भाजल्याला, टाचांच्या भेगांनाही तिचाच मध.

तिची स्वतःची लेक वच्छला मात्र सावळीच राहिली. सत्त्याहत्तरात पहिले पाहुणे आले, चौऱ्याऐंशीत शेवटचे. पोहे खाऊन सगळे ‘कळवतो’ म्हणून गेले. ते कळवणं अजून यायचंय. तरी दर रविवारी रुख्माबाई लेकीला लेप लावायला बसवी. एकदा चिडून वच्छलानं वाटी भिरकावली. आई जमिनीवरचा मध बोटानं निपटत बसली. त्यानंतर वच्छलानं कधी नाही म्हटलं नाही.

पुढे रुख्माबाईचे डोळे मोतीबिंदूनं गेले. ती चाचपडत लेप लावू लागली. एका रविवारी वच्छला तोंड धुऊन आली, तशी आईनं विचारलं,

“मले तं दिसून नाई राह्यलं वं. उजळली का तू?”

“हो माय, उजळली.”

म्हातारीचा चेहरा खुलला.

“मंग येतीन आता पाहुणे. पोहे भिजव.”