माझ्या नावाने आलेले वाल

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि त्या वयात कंप्युटरवाल्यांच्या कंपनीत कामाला लागलो. माझी शाळा तिसरीत सुटली. वाचता येतं, सही येते, हिशोब तोंडी येतो. तेवढ्यावर आयुष्य काढलं आणि कुणापुढे हात पसरला नाही.

त्याआधी सारी उमर मी लाईन केली. लाईन म्हणजे पेणच्या एका घाऊक व्यापाऱ्यासाठी चहा-मसाल्याच्या ऑर्डरी घेत पेणपासून रोह्यापर्यंत दुकानोदुकानी फिरणं. कधी एसटीने, कधी रेल्वेने, मधल्या गावांना पायी. या कामात मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. दुकानदाराचं काही खायचं नाही. चहासुद्धा नाही. पाणी माझं, डबा माझा. ज्याचा चहा प्यायला त्याला तोंडावर ‘मागचा हिशोब काढ’ म्हणताना जीभ अडते, हे मी दुसऱ्या लाईनवाल्यांचं बघितलेलं होतं. दुकानदार चेष्टा करायचे. “आला बघा उपाशी पाव्हणा,” म्हणायचे. म्हणू देत. त्या उपाशीपणावर माझा शब्द चालायचा.

कंपनी पेणच्या रामवाडीत होती, एसटी स्टँडच्या जवळ, टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पाच-सहा पोरंपोरी. ते लहान दुकानदारांसाठी मोबाईलवरचं दुकान बनवत होते. वाण्याने आपल्या मालाचे फोटो आणि भाव त्यात टाकायचे, गिऱ्हाइकाने घरी बसून ऑर्डर द्यायची. टीमचा म्होरक्या रोह्याचाच, तिशीचा, पुण्याची नोकरी सोडून आलेला. तो माझ्या घरी आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, “काका, आम्ही दुकानात शिरलो की लोक विचारतात, तुम्ही कुणाचे? तुम्ही बरोबर असलात तर नाय विचारणार.”

म्हटलं, “लोक येतील ते माझ्या शब्दावर. उद्या तुमच्यात काळंबेरं निघालं तर शिव्या मला बसतील.”

“काळंबेरं नाय काका.”

“ते समदेच बोलतात,” मी म्हटलं. पण गेलो. घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं.

पहिल्या दिवसापासून मला त्या पोरांचा संशय होता. मराठीत चाललेलं बोलणं मी जवळ गेलो की इंग्रजीत जायचं. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर ते निळे चौकोन काढत आणि चौकोनातून बाण. मी विचारलं, हे काय? म्होरक्या म्हणाला, “हे दुकान, हे गिऱ्हाईक.” “आणि हा मधला चौकोन?” “ते आपण.” मला काय समजायचं ते समजलं. दुकान आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये जो बसतो तो तिथे उगाच बसत नाही. आज वाण्याची गिऱ्हाइकं यांच्या मशिनीत जमणार, उद्या ती कुणा मोठ्या व्यापाऱ्याच्या हाती जाणार आणि मी नेऊन बसवलेला वाणी माशा मारत राहणार, अशी माझी खात्री होती. म्हणून मी डोळे उघडे ठेवले. कोण कुणाला फोन करतो, कोण बाहेर जाऊन बोलतो, कुणाच्या पिशवीत काय असतं, सगळीकडे नजर.

पिशवीतलं नाही, पण डब्यातलं दिसलं. एका बुधवारी मी फिरतीवरून जेवायच्या वेळेला परत आलो तर तीन डब्यांत वालाचं बिरडं. आमच्याकडे वाल काय नवलाचे नाहीत. पण पुढच्या बुधवारी परत तेच आणि त्याच्या पुढच्याही. म्होरक्याच्या डब्यात बिरडं, मोबाईलवरच्या दुकानांची चित्रं काढणाऱ्या पोराच्या डब्यात बिरडं, तपासणीवालीच्या डब्यात बिरडं. ही तपासणीवाली म्हणजे रोह्याहून गाडीने येणारी मुलगी. मोबाईलवरची दुकानं धड चालतात की नाही हे बघायचं तिचं काम.

मी तिला म्हटलं, “अगो, तुमच्या समद्यांच्या आया एकाच दिवशी वाल भिजत घालतात काय?”

ती हसली. म्होरक्याकडे बघितलं. मग म्हणाली, “घ्या ना काका, तुमचेच हायत.”

तुमचेच आहेत! ही काय बोलायची रीत? मी घेतलं नाही. कोपऱ्यात बसून माझी भाकरी खाल्ली. पण त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं होतं ते मी बघितलं होतं.

त्याच आठवड्यात मी रोह्याला गेलो. तिथे बाजारात एक जुनं दुकान आहे, पोहे, तांदूळ, कडवे वाल. मालक माझ्या वयाचा होता, तो वारला, आता त्याची बायको बसते. मी तिला वैनी म्हणतो. मोबाईलवर दुकान उघडायला सगळ्यांत आधी तीच तयार झाली होती. तेही फक्त मी सांगितलं म्हणून. “भावजी बोलतात तर असंल बरं,” असं सगळ्यांच्या देखत म्हणाली होती.

मी पायरी चढतो न चढतो तोच तिने विचारलं, “वाल बरे लागले का भावजी?”

“कुठचे वाल?”

“आता कुठचे म्हणजे! दर सोमवारचे. तुमच्या नावाने पाठवते ते.”

मी तसाच पायरीवर उभा राहिलो. तिच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली तेव्हा कळलं. दर सोमवारी दुकान उघडायच्या टायमाला मोबाईलवर ऑर्डर यायची, अर्धा किलो कडवे वाल, पत्ता रामवाडीच्या आमच्या ऑफिसचा. ती वाल बांधायची आणि पेणच्या एसटीत ड्रायवरच्या हाती द्यायची. कंपनीचं नाव ड्रायवरला ठाऊक नाही, मी ठाऊक. म्हणून पुडक्यावर माझं नाव.

“वैनी, ती ऑर्डर खरी नसंल. मशीन चालते की नाय ते बघायला टाकतात.”

“ठाऊक हाय मला. पहिल्याच सोमवारी तुमच्या हाफिसातल्या पोरीचा फोन आलेला. बोलली, काकू, पाठवू नका, ती खोटी हाय.”

“मग पाठवलंत कशाला?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी कधी दुकानच बघितलं नव्हतं. “भवानी होती ना भावजी. सोमवारची पयली मागणी. ती कधी परत फिरवतात काय? खोटी का असंना, दारात आली. नाय म्हटलं तर आठवडाभर दुकानात कुत्रं शिरायचं नाय.”

यात मला काही वावगं वाटलं नाही. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, ही या सगळ्या बाजाराची रीत आहे. मीही सकाळी दुकानात पोचलो तर पहिलं गिऱ्हाईक होईपर्यंत बाहेर थांबायचो. पण पुढे ती जे बोलली ते मला लागलं.

“आणि खरं सांगू? मला वाटलं तुम्हीच टाकायला सांगता. जन्मभर कुणाचं खाल्लं नाय, आता म्हातारपणी वाल खावेसे वाटले असतील, तोंडाने मागायला लाज वाटत असंल. म्हटलं जाऊ दे, एवढ्यातेवढ्यानं काय होतंय.”

“मला असला समजलात?”

“रागावू नका. माणूस हाय, बदलतो.”

  तिला राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. भांडली असती तर मी भांडलो असतो.

परतीच्या गाडीत मी मनाशी सगळं जुळवलं. खोटी ऑर्डर टाकायची, माल माझ्या नावाने मागवायचा, वाटून खायचा आणि नाव म्हाताऱ्याचं खराब करायचं. तरी मी पहिल्याच दिवशी म्हणत होतो. ऑफिसचा जिना चढेपर्यंत मी चांगला तापलो होतो. आत गेलो आणि टेबलावर हात आपटला.

“वाल कुणी खाल्ले?”

सगळी टकटक थांबली. म्होरक्या उठला. “काका, बसा.”

“नाय बसत. माझ्या नावाचं पुडकं माझ्या हातात न देता फोडलं कुणी?”

तपासणीवाली रडवेली झाली. म्हणाली, “मी आणायची काका. स्टँडवरून. पयल्यांदा आलं तेव्हा तुम्ही तापाने घरी होतात. फोन केला, तुमच्या सुनेने उचलला, बोलली झोपलेत. सरांना विचारलं, तर ते बोलले—”

“मी बोललो, काकांनी आपल्यासाठी मागवले असतील, वाटून घ्या,” म्होरक्या म्हणाला. “पैसे दिलेले नव्हते, ऑर्डर तर खोटी होती. वाटलं, भेट असंल.”

“आणि मग दर सोमवारी भेट? मला एका शब्दानं विचारलं नाय?”

 तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “नाय विचारलं. कारण मला दुसरंच वाटायला लागलेलं.”

“काय?”

“राग नका मानू. वाटलं, तुम्ही दुकान चालू करून देता आणि बदल्यात काय ना काय घेता. आपल्याकडे नियम हाय, दुकानदाराचं काय घ्यायचं नाय. पण तुम्ही वयाने मोठे. तोंडावर कसं विचारणार? म्हटलं, थोडे दिवस नजर ठेवावी.”

म्हणजे मी यांच्यावर नजर ठेवून होतो आणि हे माझ्यावर. मी त्या पोराकडे बघत राहिलो. खोटं बोलणारा माणूस मला कळतो, निदान मला तसं वाटतं. तो खोटं बोलत नव्हता.

“संशय होता तर बिरडं खाल्लंस कशाला रे?”

त्याने मान खाली घातली. “काका, बिरडं होतं.”

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. मी हसलो नाही. मी म्हटलं, “वैनीला वालांचे पैसे आजच्या आज पोचले पायजेत. आणि तुमची ती खोटी ऑर्डर सकाळच्याला टाकायची नाय. दुपारी टाका. दुपारची ऑर्डर ती खुशाल परत फिरवील.” त्याने तिथल्या तिथे मुलीला तसं सांगितलं आणि वैनीला स्वतः फोन लावून माफी मागितली. मी शेजारी उभा राहून अक्षर न अक्षर ऐकलं. त्याच्यावर अजून पुरता भरवसा बसला नव्हता.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण मी पिशवी उचलली तेव्हा तपासणीवाली हळूच म्हणाली, “काका, म्हणजे त्या पापड्या पण तुम्ही नव्हत्या मागवल्या?”

“कुठच्या पापड्या?”

“तांदळाच्या. कासू गावच्या दुकानातून आलेल्या, तुमच्या नावाने.”

“कासूला खोटी ऑर्डर टाकलेलीस?”

“नाय. तिकडे कधीच नाय टाकली.”

तिने शपथ घेतली. रात्री मला नीट झोप लागली नाही. ऑर्डर नाही, भवानी नाही, मग पापड्या कशाला? कुणीतरी माझ्या नावाने मागितल्या असणार. नाहीतर म्होरक्या अजून काही लपवत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीने कासूला उतरलो. दुकानदार झाडलोट करत होता. त्याचं पहिलं गिऱ्हाईक होऊन जाईपर्यंत मी रस्त्यावर थांबलो, मग पुढे झालो. “तांदळाच्या पापड्या कुणी मागितल्या तुझ्याकडे?”

“मागितल्या नाय काका. एसटीचा ड्रायवर बोलला, रोह्याच्या काकू तुम्हाला दर सोमवारी वाल पाठवतात. मग म्हटलं आपण मागे कशाला राहा? उद्या त्या मोबाईलात आपलं दुकान खालच्या नंबराला गेलं तर? आमटेम गावचा दुकानदार पण विचारत होता, काका काय घेतात म्हणून.”

मी पापड्यांचे पैसे त्याच्या गल्ल्यावर ठेवले, तो नको नको म्हणत असताना ठेवले, आणि तडक हायवेला आलो. रोह्याहून येणारी एसटी लांबून दिसल्यावर हात केला. गाडी थांबली. ड्रायवर तोच, वाल आणणारा. त्याने मला ओळखलं, “या काका, पेणला ना?” म्हणाला. मी चढलो नाही. दारात एक पाय ठेवला आणि आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “माझ्या नावाचं पार्सल आजपासून घ्यायचं नाय. कुणीपण दिलं तरी. आणि ज्याला ज्याला वालांचं सांगितलंस, त्याला त्याला हे पण सांगायचं.”

तो म्हणाला, “अवो, आधी चढा तरी.” कंडक्टरने घंटी मारली. मागून बायका ओरडल्या. तो ‘व्हय, सांगतो’ म्हणेपर्यंत मी पाय काढला नाही.