राघो पेटीवाल्याची तीन कालवणं

भाईंदरजवळच्या शांती नगरातला राघो भजनाच्या पेट्या दुरुस्त करतो, म्हणून त्याला सगळे पेटीवाला म्हणतात. गणपतीच्या आधी महिनाभर तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून उत्तरेचा किनारा पालथा घालतो. पेटीच्या फाटक्या भात्याला चामडं चिकटवलं की सरस सुकायला पुरता दिवस जातो, त्यामुळे जिथे पेटी तिथेच मुक्काम. निदान बायकोला तो तसं सांगतो. बिल्डिंगीतल्या जाणकारांचं म्हणणं वेगळं: सरस दोन तासांत सुकतो, वेळ जेवणाला लागतो.

मुक्काम म्हणजे लॉज नव्हे, ज्यांची पेटी त्यांचंच घर. अर्नाळ्यात शैलाचं, केळव्यात केसरबाईंचं. यजमानीण ताट वाढून समोर बसायची आणि पाहुण्याचा पहिला घास न्याहाळायची. राघो वीस वर्षं दोन्ही घरांत तेच म्हणत आला, "असं कालवण उभ्या किनाऱ्यावर नाही."

एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण कौतुकाला फोडणी हवी, म्हणून तो पुढे जोडायचा, "आमच्या मंदाचं म्हणजे नुसतं हळदीचं पाणी." यजमानीण हळहळायची आणि ताटात आणखी एक तुकडी पडायची.

मंदा त्याची बायको, माहेर रत्नागिरीकडचं. तिचं बांगड्याचं तिखलं रटरटायला लागलं की जिन्यातले शाकाहारी दारं लावून घेतात आणि बाकीचे उघडतात.

यंदा मे महिन्यात केसरबाईंच्या पुतण्याचं शैलाच्या भाचीशी भाईंदरला लग्न लागलं. हॉलमध्ये बोलता बोलता दोघींना कळलं, की आपला पेटीवाला एकच आहे. लगेच राघोला फोन.

"राघोभाव, उद्या दुपारी जेवाला येताव. वहिनीला बगायचं हाय!"

हळदीच्या पाण्याच्या त्या एका वाक्यावर राघोचा वीस वर्षांचा संसार टांगलेला.

"मंदा, उद्या बाहेरून मागवूया. तू कशाला दमतेस?"

"वीस वर्षं त्यांच्याकडे हाणताय, आणि मी त्यांना हॉटेलचं वाढू? माझी लाज काढताय काय?"

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, तेही डबे घेऊन. लग्नघरी सकाळीच रांधलेलं. शैलाची कोलंबी, केसरबाईंचे बोंबील.

"अहो, हे कशाला?" मंदाने विचारलं.

केसरबाईंनी मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुला तरास नको, बाय. सगल्यांच्याच हाताला चव असते असं न्हाय."

"असं कोण म्हणालं?"

"ह्योच की. हलदीचं पानी म्हनला."

शैलाने केसरबाईंना कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता. मंदाने राघोकडे पाहिलं. राघो पंख्याकडे पाहत होता, जणू तोही बेसूर वाजतोय.

मंदाने प्रत्येक ताटात तीन वाट्या मांडल्या: कोलंबी, बोंबील आणि आपलं तिखलं. मग यजमानिणीने बसावं तशी समोर बसली.

केसरबाईंनी भाकर तिखल्यात बुडवली. थांबल्या. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. तोवर शैलाने रिकामी वाटी पुढे केली होती.

"तिरफळं घातलीस ना गं?"

"हो, आणि आमसुलं गावची."

केसरबाई हळूच राघोकडे वळल्या. "हिच्या कालवनाला खोटं बोललास. मंग आमच्या कालवनाला पन खोटंच बोलत व्हतास?"

राघोने तिन्ही वाट्यांवरून बोट फिरवलं. "तिन्ही चांगलीच आहेत की."

"तिन्ही न्हाय. एक सांग."

शेजारी दोन मुक्काम, समोर बायको. राघोने भाकरीची कड मोडली.

"मंदाचं," तो म्हणाला.

भीतीने म्हणाला की खरंच, यावर बिल्डिंगीत अजून दोन तट आहेत.

गणपतीच्या आधी राघो केळव्याला गेला. पेटी उघडली, भात्याला चामडं लावलं, पानावर बसला. पुढ्यात वरणभात आणि पापड.

"मासली घरी खा, भाव," केसरबाई म्हणाल्या. "तुज्या घरी लय झाक करतात."

अर्नाळ्यातही तेच, तिथे पापडही नव्हता.

दोन्ही दिवस राघो उजेडातच घरी परतला. यंदा सरस दोन तासांत सुकला.