नामाचं भगवं सोंग

कर्जतच्या नामाला एक खोड होती, ती जन्मभर गेली नाही. कुठलीही गोष्ट चालते कशी, ते बघितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागायचं नाही. घाट चढणाऱ्या रेल्वे इंजिनाखाली डोकावून त्यानं मुकादमाच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. तिथंच पाँडिचेरीकडून आलेल्या एका फिटरनं त्याला फरासिसांच्या, म्हणजे फ्रेंचांच्या, मुलखातल्या जुन्या नाटकाची गोष्ट सांगितली. एक ढोंगी साधू भल्या माणसाच्या घरात घुसतो, आणि घरधनी त्याच्या नादानं पोरीचं वाटोळं करायला निघतो.

नामानं कपाळावर हात मारला. अहो, हे तर त्याच्या बहिणीच्याच घरचं! खालापुरात सोनाबाईच्या नवऱ्यानं, मालोजीनं, एक बुवा घरी आणून बसवला होता. वैशाखात आपल्या पोरीचं, शकूचं, त्याच्याशी लगीन लावायचं ठरलं होतं. बुवा पन्नाशी ओलांडलेला, आणि पोर रडून रडून अर्धी झालेली.

शिमग्याला हेच सोंग काढायचं, नामानं ठरवलं. पण बुवा चालतो कसा, ते नको का कळायला? चार दिवस बहिणीकडं राहून तो न्याहाळत बसला. मालोजीच्या वहाणा वाजल्या की बुवाची माळ सरसर फिरे, वहाणा लांब गेल्या की माळ खुंटीला. नामानं ते सांगितलं, तर मालोजी भडकलाच.

"साधूवर नजर ठेवतोस? लाज नाय वाटत रं?"

शिमग्याच्या दुपारी नामा कफनी, जटा, दाढी चढवून खालापूरच्या पारावर बसला. डोळे मिटून माळ फिरवली. लोक पोट धरून हसतील, असा त्याचा होरा होता. कसलं काय! आपल्याकडं सोंगाच्याही पाया पडतात. बायका नारळ घेऊन रांगेला लागल्या. नामा मनात म्हणाला, मेलो! नाटक गेलं खड्ड्यात.

रांगेत मालोजीही आला. मानाचा जावई, मेव्हण्यापुढं कधी मान न लववलेला, आणि आता सरळ आडवा पडला! नामाला भारी नवल वाटलं. हा मला ओळखत कसा नाही? आणखी किती वाकेल हा? त्याला राहवेना.

"मालोजी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुजी शकू मला बायको म्हणून दे."

"दिली, महाराज," मालोजीनं हात जोडले.

नामानं दाढी ओढून काढली. "दाजी, मी नामा! तिचा सख्खा मामा हाय मी. काय देऊन बसलात?"

मालोजीचं तोंड पांढरंफटक पडलं. तो उठला, वहाणा पायात सरकवता सरकवता थांबला, त्या हातात घेतल्या आणि अनवाणीच घराकडं निघाला. नामाही मागोमाग गेला.

ओटीवर बुवा पुरणपोळी हाणत होता. माळ खुंटीला होती. मालोजीनं हातातल्या वहाणा जमिनीवर आपटल्या. बुवाचा तुपकट हात झटकन खुंटीकडं गेला.

"ऱ्हाऊ द्या," मालोजी म्हणाला. "शकू, यांची झोळी आन गं."

शकूनं झोळी आणली, आणि बुवाच्या हातात न देता सरळ अंगणात भिरकावली.